नाव कमी करणे

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत अर्जलेखन हा घटक आम्ही पुष्कळ वर्षे शिकवला. खरे सांगायचे तर शिकवला नाही, उरकला. कवितेला दोन महिने, कादंबरीला दोन महिने आणि अर्जाला परीक्षेच्या आधीचा एक तास अशी आमची वाटणी असे. मायना, विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू. विद्यार्थी जांभया देत उतरवून घेत आणि आम्हीही घड्याळाकडे पाहत फळा पुसत असू. अर्जालाही निवेदक असतो, त्यालाही एक अभिप्रेत वाचक असतो आणि त्यातल्या एका क्रियापदावर एखाद्या माणसाच्या संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था लोंबकळत असू शकते, हे आम्ही वर्गात कधी बोललो नाही. ते आम्हांलाच ठाऊक नव्हते. ते कळले २०१६ साली, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे.

मावशींचे हात थरथरू लागले होते. पोळी तव्यावर टाकताना दुमडे. आमच्या घरी कोणी काही म्हटले नाही, पण त्यांच्या इतर दोन घरांनी त्यांना यायचे नाही म्हणून सांगितले. तेव्हा आम्हीच पुढाकार घेतला. ‘श्रावणबाळ’चा अर्ज करू, असे आम्ही म्हणालो. त्यांना नाव ठाऊक होते. तालुक्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ते ठाऊक असते. अमक्याची श्रावणबाळ सुरू झाली, तमक्याची श्रावणबाळ तीन महिने आलीच नाही, असे हे नाव आता स्त्रीलिंगी होऊन बोलीत रुळले आहे.

पूर्ण नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’. वय पासष्ट पूर्ण, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असले पाहिजे किंवा त्याचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळत. ही रक्कम २०१९ मध्ये १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. हिची थोरली बहीण म्हणजे १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले असे सगळे तिच्या पदराखाली. अर्ज तहसील कचेरीत द्यायचा, तलाठ्याने चौकशी करायची आणि तालुका समितीने मंजुरी द्यायची.

वर्षाला एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला बारा रुपयेही होत नाहीत. एवढ्यात जगणारे कुटुंब अर्ज लिहायला आणि कचेरीच्या चकरा मारायला जिवंत राहील कसे, हा प्रश्न आम्ही कचेरीतल्या एका कारकुनास विचारला. तो हसला. “सर, ते उत्पन्न दाखल्यावरचं असतं,” तो म्हणाला. वास्तव आणि संहिता यांतल्या अंतराविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोललो होतो. इतक्या कमी शब्दांत कधी नाही.

पहिली अडचण वयाची आली. मावशींच्या आधारकार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५६. आपल्याकडे ज्यांना आपली जन्मतारीख ठाऊक नाही अशा असंख्य माणसांचा जन्म एक जानेवारीला झालेला आहे. सालही त्या नोंदणाऱ्या मुलाने चेहऱ्याकडे पाहून टाकलेले. त्या हिशोबाने मावशी साठच वर्षांच्या. पण बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती आणि तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. तो तिथेच झोळीत असे. बारा-तेराव्या वर्षी लग्न झालेल्या बाईलाही पाठीवर दोन वर्षांचे पोर घेऊन खडी फोडायची तर ती त्या वेळी सोळाची असून भागत नाही. मधे दोन मुले गेलेली. हे सगळे गणित त्यांनी बोटांवर करून दाखवले. गावाच्या स्मृतीत दुष्काळ, पूर, देवीची साथ यांच्या खुणांनी वय मोजले जाते आणि ते पुष्कळदा बिनचूकही असते; पण स्मृतीला शिक्का नसतो. शेवटी ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढला. डॉक्टरांनी दात पाहिले, डोळे पाहिले आणि सदुसष्ट लिहिले. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, “बैल बाजारात न्यावा तसं झालं.” त्या हसत होत्या, म्हणून आम्हीही हसलो.

दुसरी अडचण शिधापत्रिकेची.

मावशींचा एकच मुलगा. तो दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होता. दोन खोल्यांचे घर, बायको, दोन मुली. मावशी त्याच घराच्या पडवीत राहत. भाकरी आपली आपण भाजत, कालवण मात्र रात्री सुनेकडून वाटीतून येई. रक्तदाबाच्या गोळ्या मुलगा आणी; कधी पंधरा दिवसांच्या, कधी हात आखडला तर चार दिवसांच्या. तेव्हा हे कुटुंब एक की दोन? आपल्याकडे जुना हिशोब चुलीचा. एका चुलीवर शिजते ते एक घर. पण इथे चूल दीड होती, आणि कागदाला दीड चूल कळत नाही. शिधापत्रिका एकच, तिच्यावर मुलगा कुटुंबप्रमुख, सून, मग मावशी, मग मुली. मुलाची मिळकत धरली की एकवीस हजारांची रेघ केव्हाच ओलांडली जात होती. त्याच कारकुनाने आम्हांला उपाय सांगितला, आणि तो वाईट माणूस नव्हता हेही इथेच नोंदवतो. म्हणाला, आजींचे नाव मुलाच्या कार्डातून कमी करा, वेगळे कार्ड काढा, म्हणजे आजी एकट्या, उत्पन्न नगण्य, दाखला लगेच.

आम्ही मावशींना ते समजावून सांगितले. त्या बराच वेळ कणीक तिंबत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाव कमी करायचं, ते मेलेल्या माणसाचं करत्यात, सर. आमच्या मालकाचं केलं हुतं.”

ह्यावर आम्ही काय बोललो ते आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते. आम्ही म्हणालो, तो नुसता कागद आहे. आयुष्यभर शब्दांचे सामर्थ्य, शब्दांचे सामर्थ्य म्हणत पोट भरलेला माणूस एका निरक्षर बाईला सांगत होता की लिहिलेल्याला काही अर्थ नसतो.

त्यांनी नाव कमी करू दिले नाही. मग दुसरी वाट काढली. मुलगा सांभाळत नाही असे अर्जात स्पष्ट लिहा, तलाठ्याच्या चौकशीत तसे आले तर समिती विचार करील, असा सल्ला मिळाला. अर्ज आम्ही लिहिला. छान लिहिला. ‘मला एक मुलगा असून तो माझा सांभाळ करीत नाही, सबब मी पूर्णतः निराधार आहे.’ ‘सबब’ हा शब्द लिहिताना आम्हांला किंचित अभिमानही वाटला होता. मावशी म्हणाल्या, “काय लिवलं, वाचा की.” आम्ही वाचून दाखवले. ते वाक्य सोडून. अंगठा उठवताना त्यांनी तो नीट, सावकाश, कागदाच्या कडेला समांतर उठवला.

इथे थोडे थांबून शब्दांकडे पाहू. ‘निराधार’ हा शब्द घ्या. वेदान्तात निराधार, निरालंब ही विशेषणे ब्रह्माला लावतात. ज्याला कशाचाच टेकू नको ते. तोच शब्द तहसील कचेरीच्या खिडकीत आला की ज्याला कोणाचाच टेकू नाही त्याचा होतो. ‘अनाथ’ची गत याहून निराळी. भक्तिपरंपरेने हा शब्द एकटा कधी सोडलाच नाही. अनाथ म्हटले की लगोलग त्याचा नाथ उभा. विठ्ठलाला अनाथांचा नाथ म्हणणाऱ्या पंढरपुरातच १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला, ह्यात एक संगती आहे. वारीच्या गावात टाकलेली मुले सापडत, आणि देवाच्या नावे असलेले काम कोणीतरी माणसांनी करायचे होते. त्याआधी बारा वर्षे, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. ह्या गृहाचा पायाच मुळी असा होता की येणाऱ्या बाईला काहीही सिद्ध करावे लागू नये. गुप्तता हीच तिथली सेवा होती. आजची व्यवस्था नेमकी उलट्या टोकाला उभी आहे. ती उघड आहे, हक्काची आहे, कोणाच्या कृपेवर नाही, आणि हे थोडे नाही. पण हक्क मागायचा तर आपले नसलेपण चारचौघांत शाबीत करावे लागते. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. निर्णय चांगलाच. पण त्यासाठी लागते अनाथ प्रमाणपत्र, आणि आपल्याला कोणी नाही ह्याचा पुरावा कोणाकडून आणायचा, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही घाम फोडील.

मुलांच्या बाबतीत कायद्याने निदान भाषा सुधारली. पूर्वी ‘बालगुन्हेगार’ म्हणत, ते आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाले. बाकीचे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’. जीभ अडखळते खरी, पण मुलावरचा शिक्का त्या लांबीत थोडा पुसट होतो. असे मूल सापडले की चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समितीवर एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. वृद्धांसाठी मात्र ही शब्दशुद्धी कोणी केली नाही. ‘काळजीची गरज असलेले ज्येष्ठ’ असे कोणी म्हणत नाही. म्हातारा माणूस निराधार तरी असतो किंवा मुलाच्या कार्डावर तरी.

आणि ‘श्रावणबाळ’? योजनेचे हे नाव ज्याने कोणी सुचवले त्याला आईबापांची कावड खांद्यावर घेतलेला मुलगा डोळ्यांपुढे होता, हे उघड आहे. पुत्र नसेल तिथे शासन पुत्र होईल, असा त्याचा भाव. पण ती गोष्ट शेवटपर्यंत सांगून पाहावी. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात हा मुलगा निनावी आहे. आपले नाव त्याला पुढच्या परंपरेने दिले. तो पाणी भरायला जातो, घडा बुडतानाचा आवाज हत्तीचा समजून अंधारात बाण सुटतो, आणि तो बाण असतो राजपुत्र दशरथाचा. पुत्र मरतो आणि मागून आंधळे आईबापही. म्हणजे ज्या कथेवरून राज्यसंस्थेने आपल्या योजनेचे नाव घेतले तिच्यात राज्यसंस्थेचे पात्र आहे, पण ते श्रावणाचे नव्हे. आम्ही हे एकदा वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, “पण सर, दशरथ पाणी घेऊन तर गेला ना त्यांच्याकडे.” गेला खरा. स्वतः गेला, आणि आपण कोण आहोत, काय केले आहे, हेही त्याने सांगितले. त्या मुलीला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

चौकशीला तलाठी दोन महिन्यांनी आला. तरुण होता, घाईत होता, तीन गावांचा भार त्याच्यावर. पडवीत खाटेवर बसून त्याने पिशवीतून अर्ज काढला आणि पद्धतीप्रमाणे वाचला. मोठ्याने वाचला, कारण मावशींना ऐकू कमी येते असे कोणीतरी त्याला सांगितले होते. सून दारात उभी होती. शेजारच्या बायका होत्या. मुलगा त्या दिवशी घरी होता, टेम्पो दुरुस्तीला होता म्हणून. आम्ही तिथे नव्हतो. हे आम्हांला नंतर कळले. ‘तो माझा सांभाळ करीत नाही’ इथे आल्यावर तलाठ्याने वर पाहून विचारले, हे खरे का? मावशी म्हणाल्या, “सांभाळतो की. कोण म्हणलं सांभाळत न्हाई?” त्याने तसे लिहून घेतले. त्याचेही काही चुकले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी आल्या. पोळ्या झाल्या. पोळपाट धुऊन उभा ठेवला. जाताना दारात थांबून, आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, “वाचताना येक वाक्य ऱ्हायलं तुमचं, सर.”

एवढेच. त्यावर आम्ही काही बोललो असतो तर बरे झाले असते. आम्ही मान खाली घातली आणि त्या निघून गेल्या. चार दिवस त्यांच्या मुलाला बाजारात टाळले; पाचव्या दिवशी तोच समोर आला आणि नेहमीसारखा नमस्कार करून पुढे गेला. ते अधिक जड गेले. एखाद्याने कॉलर धरली असती तर निदान माफी मागायला जागा झाली असती.

अर्ज त्रुटींसह परत आला.

मधल्या काळात एका वकील मित्राने आम्हांला २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम वाचायला दिला. प्रांताधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरण, वकिलाला मज्जाव, साध्या अर्जावर सुनावणी, मुलाकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता. त्याचे तेविसावे कलम तर वाचताना आम्हांला थेट रंगभूमीवर घेऊन गेले. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मागता येते, असे ते कलम. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर पहिल्याच अंकात आपली मिळकत मुलांत वाटून मोकळे होतात, त्यांना हे कलम उपलब्ध असते तर? विद्यार्थ्यांना विचारायला प्रश्न बरा आहे. आमचे उत्तर असे की अप्पासाहेब प्रांत कचेरीची पायरी चढले नसते, आणि कावेरीने त्यांना चढूही दिली नसती. मावशींना आम्ही हा कायदा सांगितला. त्या खळखळून हसल्या. “त्येच्यावर केस करू? आन मग सांजच्याला कालवण कुणाकडनं घिऊ?” कायद्याचा बारकावा सोडून त्यांनी थेट वाटीवर बोट ठेवले. कायदा वाईट नाही. ज्याला घराबाहेर काढले आहे त्याला तो दार उघडून देतो. पण पुष्कळशी म्हातारी माणसे बाहेरही नसतात आणि आतही नसतात. पडवीत असतात.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी मावशी आपणहून म्हणाल्या, आता अर्ज लिवा. ह्या वेळी मी सांगते तसा लिवा. आम्ही कोरा कागद घेतला. त्यांनी सांगितले: “मला मुलगा हाय. चांगला हाय. त्येला पुरत न्हाई.” आणि थांबल्या. आम्ही विचारले, पुढे? त्या म्हणाल्या, “पुढं काय? झालं की.”

आम्ही ते तसेच लिहिले, फक्त प्रमाण मराठीत. मग वाचून दाखवले, पूर्ण. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावले आणि वाचताना आमच्या बोटाकडे पाहत राहिल्या. बोट प्रत्येक ओळीखालून फिरते की नाही हे त्या पाहत होत्या. निरक्षर माणसाला वाचणाऱ्यावर लक्ष ठेवण्याचा एवढाच एक मार्ग असतो, आणि तो त्यांनी आमच्यावर वापरला ह्याचे आम्हांला वाईट वाटण्याचे कारण नव्हते.

कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “सर, खरं आहे हो. पण हे कुठल्या रकान्यात घालू?” रकाना नव्हताच. मुलगा आहे आणि सांभाळतो, मुलगा आहे आणि सांभाळत नाही, मुलगा नाही. चांगला मुलगा आणि अपुरा पगार ह्यांची एकत्र नोंद करायची सोय नमुन्यात नव्हती. आमच्या कादंबऱ्यांत तरी ती कितीशी आहे? कृतघ्न मुले आम्ही पुष्कळ रंगवली, मातृभक्तही रंगवले. महिन्याच्या वीस तारखेनंतर आईच्या गोळ्या चारचार दिवसांच्या आणणारा मुलगा आम्हांला फारसा आढळत नाही, कारण त्याच्यात नाट्य नाही.

तिढा सोडवला तो त्या मुलाने. कोणी सांगितले म्हणून नव्हे. एक दिवस टेम्पोची खेप बुडवून तो पुरवठा शाखेत गेला, आईचे नाव आपल्या कार्डातून कमी करण्याचा अर्ज दिला, आणि महिनाभर चकरा मारून तिच्या नावाचे वेगळे कार्ड काढून आणले. उत्पन्नाचा दाखलाही त्यानेच काढला. ते नवे कार्ड आम्ही पाहिले. कुटुंबप्रमुख म्हणून मावशींचे नाव, आणि खाली सदस्यांच्या रकान्यात दुसरे कोणी नाही. त्यांनी ते हातात घेतले तेव्हा काय झाले, हे आम्ही त्या घरात नसल्याने सांगू शकत नाही. कालवणाची वाटी मात्र त्या रात्रीही आली, एवढे मावशींनी मुद्दाम सांगितले.

श्रावणबाळ २०१८ मध्ये सुरू झाली. पहिल्या सहाशेतून त्यांनी दोन नातींना कंपासपेट्या घेतल्या आणि उरलेल्यांत गोळ्या. पोळ्या करणे पुढच्याच वर्षी थांबले. आता दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण आहोत हे प्रत्यक्ष जाऊन सांगायचे. पहिल्या वर्षी आम्ही बरोबर गेलो होतो. रांगेत त्यांच्यापुढे सातआठ म्हाताऱ्या होत्या, सगळ्यांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. खिडकीतल्या बाईंनी नाव पुकारले तेव्हा मावशी “हाय, हाय” म्हणत पुढे गेल्या.

पहिल्या अर्जाच्या वेळी मुलाच्या जुन्या कार्डाच्या आम्ही तीन झेरॉक्स काढल्या होत्या. दोन कचेरीत गेल्या, एक आमच्या टेबलाच्या खणात राहिली होती. काम सोडताना मावशींनी ती मागून घेतली. आम्ही म्हणालो, ती आता कशालाच चालणार नाही. “असू द्या,” त्या म्हणाल्या, आणि नाव कुठे आहे ते दाखवायला सांगितले. आम्ही बोट ठेवले. तिसऱ्या ओळीत, सुनेच्या खाली, नातींच्या वर. त्यांनी कागदाची घडी अशी घातली की ती ओळ मोडणार नाही, आणि तो नव्या कार्डाच्या आत सारून पिशवीत ठेवला.